टोकियो सोडताना: जपानहून कायमचं परत येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही २००७ साली टोकियोला गेलो आणि २०२३च्या मार्चमध्ये पुण्याला परत आलो. सोळा वर्षं एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईत काढली. परत आल्यापासून महिन्यातून एकदोन फोन येतातच: "ताई, आम्हीपण निघतोय. काय काय करायचं असतं?" आधी कागदपत्रांचं बोलणं होतं. मग फोन ठेवता ठेवता आवाज जरा खाली येतो आणि मनातलं बाहेर पडतं. ते सगळंच इथे एकत्र लिहिलं आहे. नियम बदलत असतात, तेव्हा पैशांशी संबंधित कुठलाही अर्ज भरण्याआधी त्या कार्यालयाचा ताजा नियम जरूर वाचा.

तयारीला किती आधी लागावं?

तीन महिने धरा, मार्चमध्ये निघणार असाल तर चार. जपानचं आर्थिक आणि शाळेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे सगळा देश त्याच सुमारास घरं बदलत असतो. सामान हलवणाऱ्यांचे दर चढलेले असतात, मोठा कचरा उचलायच्या तारखा भरलेल्या असतात. आम्ही जानेवारीतच यादी केली होती, तरी शेवटच्या आठवड्यात फार ओढाताण झाली. यादीत सगळी कामं होती, माणसं नव्हती. ती आधी लिहा.

वॉर्ड ऑफिसात नेमकं काय करायचं?

कुयाकुशोत जाऊन 'तेन्शुत्सु तोदोके' भरायचा, म्हणजे इथला पत्ता सोडून परदेशी चाललो असं कळवायचं. निघायच्या साधारण १४ दिवस आधीपासून तो देता येतो. राष्ट्रीय आरोग्य विमा असेल तर तोही तिथेच बंद होतो. मायनंबर, म्हणजे तिथल्या प्रत्येक रहिवाशाला मिळणारा ओळख क्रमांक, मात्र कुठेतरी नीट लिहून ठेवा, परत आल्यावरही जपानच्या कागदांवर तो लागतो.

मूल जपानमध्ये जन्मलंय. त्याचे कुठले कागद जपायचे?

दोन. जन्मनोंदणीचा दाखला, ज्याच्या जादा प्रती निघण्याआधीच काढून जपानच्या परराष्ट्र खात्याकडून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणित शिक्का, करून घ्यावं (ते तिथे फुकट होतं). आणि 'बोशि तेच्यो', आई आणि बाळाची ती छोटी वही. लसींच्या सगळ्या तारखा तिच्यात असतात. पुण्यातल्या डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या दंडावरचे बारीक ठिपके पाहून विचारलं, "हे काय भाजलंय का?" जपानमध्ये बीसीजी नऊ सुयांच्या शिक्क्याने दोनदा दाबून देतात, त्याचे अठरा ठिपके उरतात. वही उघडून दाखवली तेव्हा त्यांना पटलं. मुलगी मात्र त्या दिवसापासून ते ठिपके मोजते. आपण तिथे जन्मलो याची ती खूण आहे, असं तिने मला सांगितलं.

पेन्शनमध्ये भरलेले पैसे काढून घ्यावेत का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि इथेच लोक घाईने नुकसान करून घेतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सहा महिने किंवा जास्त, पण दहा वर्षांपेक्षा कमी काळ पैसे भरले असतील, तर 'दात्ताई इचिजिकिन' म्हणजे एकरकमी परतावा मागता येतो. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२१पासून हा परतावा जास्तीत जास्त ६० महिन्यांच्या हिशेबाने मिळतो, त्याआधी ३६ महिन्यांची मर्यादा होती. आता खाचखळगा बघा. तुम्ही आठ वर्षं भरले असतील तरी हिशेब ६० महिन्यांचाच होतो, आणि परतावा घेतला की आठही वर्षं पुसली जातात.

दुसरी बाजू अशी. पूर्वी जपानी पेन्शनला पात्र व्हायला २५ वर्षं लागत, ऑगस्ट २०१७पासून १० वर्षं पुरतात. शिवाय भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे, त्यामुळे भारतातली प्रॉव्हिडंट फंडाची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. म्हणजे तिकडे सात आणि इकडे चार वर्षं झाली असतील, तर पासष्टीनंतर तिकडच्या सात वर्षांची पेन्शन इथे बसून मिळू शकते. दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर परतावा मिळतच नाही, पेन्शनच मिळते. नोकरदाराच्या पगारावर अवलंबून असलेल्या बायकोची किंवा नवऱ्याची वर्षंही वेगळे पैसे न भरता मूळ पेन्शनमध्ये धरली जातात. "मी काय, घरीच होते" असं म्हणून कितीतरी जणी आपला पेन्शन क्रमांकसुद्धा लिहून ठेवत नाहीत. लिहून ठेवा. ती वर्षं तुमचीही आहेत.

परतावा घ्यायचंच ठरवलं, तर नोकरदारांच्या पेन्शनवर २०.४२ टक्के कर आधीच कापला जातो. तो परत मागण्यासाठी जपानमध्ये राहणारा एक 'नोझेई कानरिनिन', म्हणजे तुमच्या वतीने कराचे कागद बघणारा माणूस, निघण्याआधी नेमावा लागतो. विश्वासाचा मित्रसुद्धा चालतो.

पगार थांबला तरी रहिवासी कर का येतो?

कारण तो आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो आणि १ जानेवारीला जो तिथे राहत असेल त्याला लागतो. फेब्रुवारीत निघालात तरी जूनमध्ये बिल येणार. डिसेंबर संपायच्या आत निघालात तर पुढच्या वर्षाचा लागत नाही. ते बिलही तोच नोझेई कानरिनिन घेतो, त्यामुळे पैसे त्याच्याकडे ठेवूनच निघा.

पर्मनंट रेसिडेन्सी आहे. ती ठेवावी की सोडावी?

परत येण्याची परवानगी न काढता गेलात तर ती संपते. साधी, म्हणजे विमानतळावर फॉर्मवर खूण करून मिळणारी सवलत एक वर्षाची असते, आणि आधी अर्ज करून घेतलेला परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा.

माझं मत विचाराल तर, तिकडे खरोखर काम, मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर जरूर ठेवा. नुसता मनाला आधार म्हणून ठेवणार असाल तर विचार करा. आमच्या ओळखीत दोन घरं अशी आहेत जी दर वर्षी त्या मुदतीच्या धास्तीने तिकीट काढतात, आणि त्यामुळे ना इथे धड रुजत, ना तिथे. आम्ही सोडली. नवऱ्याला ते फार जड गेलं. ती मिळवायला त्याने किती कागद जमवले होते ते मी पाहिलं होतं.

घर रिकामं करताना सामानाचं काय करायचं?

फेकणं हे तिथे विकत घेण्यापेक्षा अवघड काम आहे. मोठ्या वस्तूंसाठी आधी नोंदणी करून तारीख घ्यायची, कोम्बिनीतून, म्हणजे गल्लोगल्ली असतात त्या छोट्या दुकानांतून, स्टिकर विकत आणायचे (टोकियोच्या २३ वॉर्डांत ते २०० आणि ३०० येनचे असतात), वस्तूवर चिकटवायचे आणि ठरल्या सकाळी खाली नेऊन ठेवायचं. टीव्ही, फ्रीज, एसी आणि वॉशिंग मशीन यात घेत नाहीत. त्यांच्यासाठी २००१पासून वेगळा पुनर्वापराचा कायदा आहे आणि ते न्यायला वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणून या चार वस्तू सगळ्यात आधी कुणाला तरी देऊन टाका. परदेशी लोकांमध्ये 'सायोनारा सेल' करायची पद्धत आहे, पण मला विचाराल तर नव्याने आलेलं एखादं जोडपं शोधा. आमचा फ्रीज, कुकर आणि मिसळणाचा डबा, आत जिऱ्यामोहरीसकट, सांगलीहून आलेल्या एका नव्या घरात गेला.

एक प्रसंग सांगते, कारण त्याची कुणी कल्पना दिली नव्हती. आमच्या ठेंगण्या जेवणाच्या टेबलाच्या खालच्या बाजूला मुलीने चार वर्षांची असताना खडूने रेघोट्या मारल्या होत्या. त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. स्टिकर लावायला टेबल उलटं केलं तेव्हा दिसल्या: एक सूर्य, तीन माणसं आणि उलटा काढलेला 'म'. मी स्टिकर हातात धरून बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. सकाळी आठच्या आत टेबल खाली नेऊन ठेवायचं होतं, ते नेलं. फोटो काढायचं सुचलं नाही. तुम्ही सगळं सामान एकदा उलटंपालटं करून बघा, आणि फोटो काढा.

घर सोडताना डिपॉझिट परत मिळतं का?

'रेइकिन', म्हणजे घर घेताना मालकाला भेट म्हणून द्यायची रक्कम, दिलं असेल तर ते गेलंच. 'शिकिकिन', म्हणजे डिपॉझिट, त्यातून साफसफाई आणि दुरुस्ती कापून बाकी मिळतं. वापराने होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे एप्रिल २०२०पासून दिवाणी कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे. घरमालकाच्या माणसाने उन्हाने पिवळ्या पडलेल्या भिंतीचे पैसे लावले तर नम्रपणे हे सांगा. यूआर या सरकारी संस्थेच्या भाड्याच्या वसाहतीत रेइकिन मुळातच नसतं आणि नोटीसही १४ दिवसांची पुरते.

भाताचा कुकर न्यावा का?

नको. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. थेट लावलात तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो कुकरइतकाच जड असतो आणि ओट्यावर जागा अडवतो. सुऱ्या न्या, चिनी मातीचे वाडगे न्या, फुरोशिकीची, म्हणजे वस्तू बांधून न्यायची, कापडं न्या. आंबेमोहोर साध्या कुकरमध्ये छान होतो.

मुलांना कसं सांगायचं? त्यांचा तर जन्मच तिथला.

ठरल्याबरोबर सांगा. "बघू, अजून नक्की नाही" असं म्हणत राहिलात तर मुलांना ते कळतंच, आणि ती एकटीच मनात कुढत राहतात. आम्ही ती चूक केली. मुलीने आमचं बोलणं दाराआडून ऐकलं आणि तीन आठवडे शाळेत कुणाला काही सांगितलं नाही.

जमलं तर शाळेचा एक टप्पा पूर्ण होईल अशी तारीख निवडा. तिची सहावी, म्हणजे तिथली प्राथमिक शाळा, त्याच मार्चमध्ये संपत होती. पदवीदानासारखा मोठा समारंभ झाला, वर्गातल्या सगळ्यांनी एकाच पुठ्ठ्यावर गोल गोल निरोप लिहून दिले. तिला तिच्या सवंगड्यांबरोबर शेवटपर्यंत जाता आलं, याचा पुण्याला आल्यावर फार उपयोग झाला. सहा वर्षं पाठीवर घेतलेलं रांदोसेरू, तिचं शाळेचं दप्तर, आम्ही आणलं. कपाटावर आहे. जागा खातं म्हणून टाकून देऊ नका.

इथे आल्यावर पहिलं वर्ष मुलं तिथल्याच भाषेत भांडतील, स्वप्नंही त्याच भाषेत बघतील. ती भाषा मोडू देऊ नका. मराठी बोलायला लावण्यासाठी जपानी बंद करायची काहीच गरज नसते.

आपलाच देश आहे, आपल्याच माणसांत चाललोय, तरी जीव एवढा का तुटतो?

हा तो फोन ठेवतानाचा प्रश्न. यावर मला माझीच गोष्ट सांगता येईल.

पहिली काही वर्षं मला जपान सासरासारखं होतं. सगळ्याचे नियम, सगळं खालमानेने शिकायचं, कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती दाराशी परत. मग ११ मार्च २०११ आला. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मुलगी नऊ महिन्यांची होती. लिफ्ट बंद, फोन बंद, गाड्या बंद. नवरा ओतेमाचीहून चालत रात्री घरी पोचला. आमच्या मजल्यावरच्या आजी, तेव्हा सत्तरीच्या, जिने उतरून मैदानात माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि बाळाच्या डोक्यावर त्यांनी गादीची छोटी उशी धरून ठेवली.

नंतरच्या दिवसांत फुकुशिमाच्या बातम्या येत होत्या, घरून रोज "परत या" म्हणत होते, ओळखीचे कितीतरी निघून गेले. २३ मार्चला जाहीर झालं की कानामाची शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलंय, एक वर्षाखालच्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका. आमच्या भागाला तेच पाणी येतं. संध्याकाळपर्यंत दुकानांतल्या बाटल्या संपल्या. रात्री बेल वाजली. आजी दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भूकंपासाठी म्हणून साठवलेल्या. "मी म्हातारी आहे, मला नळाचं चालतं," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्रीनंतर तो देश मला परका राहिला नाही. ज्या गावाने तुमच्या लेकराला पाणी पाजलं ते गाव सोडताना जीव तुटणारच. आपल्या देशावरचं प्रेम त्याने कमी होत नाही. लग्न झालेल्या मुलीला कुणी विचारत नाही की माहेर सोडताना का रडतेस, चांगल्या घरी तर चाललीस.

निरोप कुणाकुणाचा आणि कसा घ्यायचा?

यादी करा आणि तारखा घाला. ऑफिसात शेवटच्या दिवशी सगळ्यांना पुरेल असा खाऊ ठेवतात, तो ठेवाच. पण निरोप ज्यांचा राहून जातो ती माणसं वेगळी असतात. भाजीवाला, दाताचे डॉक्टर, मुलांना रस्ता ओलांडून देणारे काका, ग्योसेन पार्कच्या छोट्या प्राणिसंग्रहालयातली ओळखीची बाई. जाऊन उभं राहायचं, वाकायचं आणि म्हणायचं, "ओसेवा नी नारिमाशिता." तुम्ही आमचं खूप केलंत. हे वाक्य त्या भाषेत यासाठीच आहे. भाषा मोडकी असली तरी हे एवढं पाठ करा.

आजींना मी बेसनाचे लाडू करून दिले. मिसळणाचा डबाही दिलेला होता, वेलची शेजारून मागून आणली. त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "किनाको!" किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, त्यांच्या लहानपणाच्या खाऊतलं. सोळा वर्षांत मला ते कधी सुचलं नव्हतं. शेवटच्या सकाळी त्या सांगलीच्या मुलीने कोम्बिनीतून दही आणून आमच्या हातावर घातलं. टॅक्सीत बसताना मी आजींना 'सायोनारा' म्हणणार होते. घरातली, जवळची माणसं एकमेकांना ते म्हणत नाहीत हे मला माहीत होतं, पण दुसरं काय म्हणणार? त्याच आधी बोलल्या: "इत्तेराश्शाई." जा आणि या. घरातून कामाला निघालेल्या माणसाला म्हणतात तसं. आपल्याकडेही दारातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मग मीही म्हटलं, "इत्ते किमासु." जाऊन येते.

तिथे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत दारात उभं राहतात. टॅक्सी वळली तोवर त्या हात हलवत होत्या. मागे वळून बघायचं विसरू नका. ते बघितलं जाईल या भरवशावर समोरचं माणूस उभं असतं.

आम्हाला निरोप घेताच आला नाही. आता काय?

२०२०मध्ये हे पुष्कळांचं झालं. जपानने सीमा बंद केल्या तेव्हा तिथे घर, नोकरी, शाळा असलेल्या परदेशी रहिवाशांनाही कित्येक महिने परत येता आलं नाही. सुट्टीला म्हणून भारतात आलेली एक मैत्रीण तशीच अडकली आणि पुढे नवऱ्याची बदलीच झाली. त्यांचं घर आम्ही तिघींनी मिळून व्हिडिओ कॉलवर आवरलं. ती एकेक वस्तू बघून सांगत होती, हे ठेव, हे दे, हे टाक. ती रडली नाही. शेवटी संध्याकाळच्या भोंग्यांवर ती रोजची धून लागली, मुलांनी आता घरी जावं म्हणून लावतात ती. "फोन जरा खिडकीत धर ना," ती म्हणाली. धून संपेपर्यंत मी खिडकीत हात बाहेर काढून उभी होते.

दोन वर्षांनी ती आठ दिवसांसाठी येऊन गेली. फिरली कुठेच नाही. शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात, जुन्या इमारतीच्या जिन्यात जाऊन आली. खर्च करायची ऐपत असेल तर एवढं करा. नसेल तर पत्रं लिहा, हाताने, कागदावर. तिथे पोस्टाने आलेलं पत्र अजून जपून ठेवतात.

भारतात आल्यावर बँकेचं काय?

एनआरई खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं, रहिवासी खात्यात बदलून घ्यायला बँकेला कळवावं लागतं, लांबणीवर टाकू नका. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही करापुरते अनिवासी असाल, तर परतल्यावर काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो आणि परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर लागत नाही. चार्टर्ड अकाउंटंटला पहिल्याच महिन्यात भेटा.

पुण्यात फार आठवण आली तर कुठे जायचं?

सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, ज्याला सगळे पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतात. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. रविवारी गर्दी असते, तेव्हा साध्या वारी सकाळी जा. पुलावर उभं राहून पाण्यातले मासे बघत राहिलं की मला बरं वाटतं. पहिल्या वर्षी मी दर आठवड्याला जायची. आता दोन महिन्यांतून एकदा.

रेसिडेन्स कार्ड विमानतळावर काढून घेतात का?

हो, इमिग्रेशनवर द्यायचं असतं. आठवण म्हणून हवं असं सांगितलं तर सहसा त्याला भोक पाडून परत देतात. आमच्या वेळच्या तरुण अधिकाऱ्याने तीन कार्डं ओळीने लावली, एकेकाला भोक पाडलं आणि मुलीचं कार्ड तिच्या हातात दोन्ही हातांनी दिलं.

विमानात कुठली जागा घ्यावी?

खिडकीची, त्यासाठी जादा पैसे पडले तरी. विमान मागे ढकलून झालं की जमिनीवर काम करणारी माणसं हेल्मेट घालून एका ओळीत उभी राहतात, वाकतात, आणि विमान धावपट्टीकडे वळेपर्यंत हात हलवत राहतात. आत कोण बसलंय हे त्यांना माहीत नसतं. मुलीने काचेला हात लावून त्यांना हात हलवला, आणि नवऱ्यानेही.